हळदोण्याचा बोका

आधी नाक लावायचं, मग गुडघे टेकायचे, बाटली सगळ्यात शेवटी.
लोक उलटं करतात.
आधी फिनाईल ओततात,
मग वास फिनाईल लावून बसतो, लग्नाला निघाल्यासारखा,
मग मला फोन.

डिचोलीहून स्कूटरवर पाऊण तास.
लुर्दिननं दारातच सांगितलं,
"कुत्रा. चौदा वर्षांचा. आता काही कळत नाही त्याला."
रविवारी केप्याहून एकजण येणार होता
त्याला बागायतीत न्यायला.
"तोवर घर माणसांचं करून दे."

कुत्र्याचं नाव दोतोर.
बाल्कावच्या बाकाखाली पसरलेला,
मागचे पाय मोडक्या छत्रीसारखे दुमडून.
बाकावर तिचा सासरा, आर्सेनियु,
चहात बुडवलेला उंडा त्याला भरवत होता,
एक घास त्याला, एक स्वतःला.

भाद्रपदातली दमट दुपार. अशा हवेत
वाळलेला डागही पाणी पितो आणि उठून बसतो.
लाल सिमेंटच्या जमिनीला शिर्का चालत नाही,
रंग खरवडून नेतो. तिला एन्झाइमचं पाणी, गार,
वर ओलं फडकं, वर पालथं ताट, रात्रभर.
सागवानी सोफ्याच्या पायाला मात्र
म्हापशाच्या बाजारातला माडाचा शिर्का, एकास तीन पाणी,
टिपायचा, घासायचा नाही.
घासलं की डाग घाबरतो
आणि लाकडात आत पळतो.

खिडक्या लावल्या. निळा टॉर्च पेटवला.
सोफ्याचा पाय: वीतभर उंचीवर शिंतोडे. कुत्र्याचे. जुने.
मग आरामखुर्ची.
वेताच्या विणीत, बैठकीच्या मधोमध,
आणि खाली जमिनीवर तेवढंच गोल तळं.
तिथून थेंब निघालेले न्हाणीच्या दाराकडे,
एकेका पावलाच्या अंतरानं,
उंचावरून पडलेले, कडा फुटलेले.
दाराच्या अलीकडचे दोन सगळ्यात मोठे.
पोचता पोचताच सुटतं माणसाचं.

दोतोरला घराची पायरी चढवत नाही,
खुर्चीवर कुठला चढतोय तो.

वळले तर आर्सेनियु मागे उभा.
हातात काठी, पँटला कडक इस्त्री.
माझ्याकडे बघत नव्हता,
जमिनीवरची ती हिरवट ओळ बघत होता
दारापर्यंत, आणि दारापासून परत.
म्हणाला, "सुण्यान केलां."
मग थांबून, आणखी हळू,
"दोतोरान."
मी टॉर्च विझवला.

लुर्दिन हात पुसत आली. सापडलं का?
मी म्हटलं, कुत्रा नव्हेच हा, बाई. बोका आहे.
शेजारचा असेल. रात्री खिडकीतून येतो,
खुर्चीवर बसतो, न्हाणीकडून जातो.
कुत्र्याला पाठवून काय होणार,
बोका येतच राहील.

आठ वर्षं हे काम करते.
खोटं बोलताना माझा हात नाकाकडे जातो.
लुर्दिन त्या हाताकडे बघत राहिली,
जरा जास्तच वेळ.
मग सासऱ्याच्या पाठीकडे.
म्हणाली, "बरं. बोका."

वेताला सावलीतला वारा दिला, उन्हात तो तडकतो.
उशीच्या अभ्र्याआत रबरी कापड शिवलं
आणि बिलात लिहिलं:
बोक्यासाठी, एकशे ऐंशी.
लुर्दिननं घासाघीस न करता दिले.
केप्याचं नाव कुणी काढलं नाही.

दिवाळीनंतर फोन आला. पलीकडे म्हातारा,
मागे दोतोरचं खोकल्यासारखं भुंकणं.
"बोको परतून आयला, बाय."
मी म्हटलं, खिडकी उघडी राहिली असेल.
"ना गो," तो म्हणाला.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"बोको म्हातारो जाला."